दोन पायांचा खुलासा

वर्तमानपत्रात चूक छापायला जागा शोधावी लागत नाही. दुरुस्ती छापायची म्हटली की जागा नसते. या धंद्यात हयात घालवल्यावर खात्रीने सांगता येईल असे माझ्याकडे एवढेच आहे. पुरावा म्हणून एक प्रकरण देतो. त्यात मंत्री नाही, पूर नाही, खून नाही. माणूस दोन पायांवर का चालतो, एवढाच प्रश्न आहे.

महाडच्या ज्या साप्ताहिकात मी काम शिकलो ते केव्हाच बंद पडले. तेव्हा आमच्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते आणि साठ साल उजाडायचे होते. अंक चार पानांचा, दर गुरुवारी निघे. मालक, संपादक आणि अग्रलेखक मिळून एकच गृहस्थ होते. त्यांना सगळे नाना म्हणत. जुळारी इस्माईलभाई तुडीलचे. उरलेले सगळे मी. म्हणजे बातम्या आणणे, मुद्रिते म्हणजे प्रुफे तपासणे, वेष्टनांवर पत्ते लिहिणे, आणि तिसऱ्या पानावर ‘का बरं?’ या बालसदरात मामा या नावाने उत्तरे देणे. वय चोवीस, लग्न नाही, भाचा नाही. तरी महाड-पोलादपूरच्या सगळ्या शाळांचा मी मामा होतो.

आजच्या वाचकासाठी जुळाऱ्याचे काम सांगायला हवे. शिशाचे एकेक अक्षर म्हणजे एक खिळा. अशा खिळ्यांचे शेकडो खण समोर मांडलेले. जुळारी त्यांच्यापुढे उभा राहून एकेक खिळा उचलतो आणि ओळ जुळवतो. ओळींचा कॉलम, कॉलमांचे पान. शिसे ताणता येत नाही आणि दाबताही येत नाही. बेचाळीस ओळींच्या जागेत चाळीस ओळी आल्या तर दोन ओळींचे भोक राहते, आणि चव्वेचाळीस आल्या तर दोन ओळींचा बळी जातो. लिहिणाऱ्याला वाटते, मजकूर विचारांनी भरतो. तो ओळींनी भरतो.

‘का बरं?’ची जागा बेचाळीस ओळींची होती. मुलांनी पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायचे, मामाने उत्तर द्यायचे. सदर नानांनी काढले ते विज्ञानाच्या प्रेमापोटी नव्हे. शाळा वर्गणीदार होत, म्हणून. बिरवाडीचे एक मास्तर दर आठवड्याला पाच विद्यार्थ्यांच्या नावाने पाच प्रश्न पाठवीत, पाचही एकाच हस्ताक्षरात. त्यातला एक होता, ‘शाळा तपासनीस न कळवता येतात, ते का बरं?’ तो मी छापला नाही. पाचाडला गडाखाली एकाची खाणावळ होती. त्याने विचारले, ‘गडावर जाणारा माणूस चढण्याआधी दोन भाकऱ्या खातो आणि उतरल्यावर चार, का बरं?’ हा गृहस्थ पन्नाशीचा होता, पण प्रश्न चांगला होता. मी स्नायू, घाम आणि भूक यांवर बेचाळीस ओळी लिहिल्या. त्याने कात्रण भिंतीला डकवले आणि खाली खडूने लिहिले, ‘म्हणून आधीच चार खा.’

उत्तरे मी एका जुन्या इंग्रजी ज्ञानकोशावरून देत असे. नानांनी तो कोणाच्या तरी लिलावात घेतला होता. त्याचे सहा खंड शिल्लक होते. ‘एम’ अक्षराचा खंड सावित्रीच्या पुरात भिजून विटेसारखा झाला होता. त्यामुळे चंद्र, माकड, डास आणि माणूस या विषयांवर मामा स्मरणशक्तीवर विसंबून होता.

दिवाळी उलटल्यावर एक कार्ड आले. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरमाथ्यावर गुरे राखणाऱ्यांची एक वाडी आहे. वाडीचे नाव देत नाही. माणसे अजून तिथे आहेत. कार्डावर पेन्सिलीने लिहिले होते:

‘मामास नमस्कार. आमच्या म्हशीला चार पाय आहेत. ती उतारावर पडत नाही. मी दोनदा पडले. माणूस दोन पायांवर का चालतो? चार काय वाईट होते? ठकू धाकू, इयत्ता चौथी.’

शेजारी शाईने गुरुजींची पुस्ती होती. वर्गात मुली दोन, त्यांतली वाडीवरून येणारी ही एकच, रोज तासभर उतरते, तासभर चढते, उत्तर द्यावे.

उत्तर दिले. ते आज माझ्यासमोर आहे, म्हणून त्यातला भाग जसाच्या तसा देतो:

‘बालमित्रांनो, फार फार पूर्वी आपले पूर्वज झाडांवर राहत. त्यांचे हात फांद्या धरण्यात गुंतलेले असत. पुढे पाऊस कमी झाला, रान विरळ झाले, एका झाडावरून दुसऱ्यावर उडी पोचेना. जमिनीवर उतरणे भाग पडले. तेव्हा आपल्या हुशार पूर्वजांनी विचार केला, चारही पाय चालण्यात खर्च केले तर फळ कशाने धरायचे? मूल कशाने उचलायचे? दगड कशाने फेकायचा? म्हणून ते दोन पायांवर उभे राहिले आणि त्यांचे हात मोकळे झाले.’

बुधवारी सकाळी इस्माईलभाईंनी खणांपुढून हाक मारली.

“मामा, दोन ओळी कमी आहेत.”

“खाली नक्षीची पट्टी टाका.”

“पट्टी लग्नपत्रिकेत गेली. दोन ओळी द्या.”

“काय देऊ?”

“ते मी सांगू? मी सहावी नापास.” त्यांनी एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीवर घासला. वीस वर्षे उभे राहून त्यांच्या पायांच्या शिरा दोरीसारख्या झाल्या होत्या. “माणूस उभा राहिला तो खिळे जुळवायला, असं लिहा. माझ्यापुरतं तरी खरं आहे.”

मी उभ्या उभ्या कागदाच्या कपट्यावर लिहून दिले, ‘हात मोकळे झाले म्हणून माणूस ओझे वाहू लागला. ओझे वाहतो तोच माणूस.’ ओळी बरोबर दोन झाल्या. नानांना शेवट आवडला. म्हणाले, “तात्पर्य साधलंस.”

तीन आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी गुरुजी कचेरीत आले. नाव दळवी. पातळ अंगाचे, कोटाचे बटण तुटलेले. त्यांनी छत्री कोपऱ्यात उभी केली आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“मामा आपणच?”

“मीच.”

“ठकीची शाळा सुटली. तुमच्या अंकामुळे.”

हकीकत अशी होती. अंक शाळेत येई. वर्गात वाचून झाला की गुरुजी तो ठकीबरोबर वाडीवर पाठवीत. वाडीत वाचता येणारी ती एकटी. संध्याकाळी ती मोठ्याने वाचे आणि दहा-बारा माणसे गुरांमध्ये बसून ऐकत. आपला प्रश्न छापून आला म्हणून तिने ते उत्तर तीनदा वाचले. तिसऱ्यांदा शेवटची ओळ संपल्यावर तिचा बाप धाकू म्हणाला, “पुन्यांदा वाच गो.” तिने वाचले. “ओझे वाहतो तोच माणूस.” दुसऱ्या दिवशी त्याने तिच्यासाठी चुंबळ वळली.

चुंबळ म्हणजे डोक्यावर भाऱ्याखाली ठेवायची कापडाची वेटोळी. त्या घरात मुलीच्या डोक्यावर चुंबळ आली की ती पोलादपूरला गवत आणि लाकडे घेऊन जायला मोकळी झाली, असे मानत. ठकीची चुंबळ गेली दोन वर्षे गुरुजींच्या विनवणीवर थांबली होती. ती माझ्या दोन ओळींनी आली.

“मी वर गेलो होतो,” गुरुजी म्हणाले. “धाकू म्हणाला, गुरुजी, तुम्ही म्हंता शिकवा. पण तुमचाच पेपर म्हंतो ओझं वाहा. आणि पेपर तर तुम्हीच धाडता.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? पेपर मीच धाडतो.” मग म्हणाले, “एप्रिलात चौथीची परीक्षा आहे. ती पास झाली तर पोलादपूरला पाचवीत बसवता येईल, तिथे तिच्या आईची बहीण राहते. नाही बसली तर ती पुन्हा शाळेत येत नाही. आजवर एकही आलेली नाही.”

मी नानांकडे गेलो. खुलासा छापू या म्हणालो. नानांनी चष्मा कपाळावर चढवला.

“खुलासा कशाचा? माणूस ओझं वाहत नाही का?”

“वाहतो.”

“मग चूक काय?”

“परिणाम चुकीचा झाला.”

“परिणामाचा खुलासा छापायला लागलो तर अग्रलेख बंद करावा लागेल.” त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर आणला. “माहितीत चूक असेल तर दाखव. मग छापू. लहान टाइपात.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतःच्या लेखात चूक सापडावी म्हणून वाचायला बसलो. गावातल्या एका डॉक्टरांकडे मानववंशावरचे बरेच नवे पुस्तक होते. दोन संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर काढल्या. चूक सापडली. एक नव्हे, दोन, आणि दोन्ही दणदणीत.

पहिली म्हणजे, कोणा पूर्वजाने विचारबिचार केलेला नव्हता. दुसरी, मी बुद्धी आधी आणि पाय नंतर लिहिले होते. वस्तुस्थिती उलटी होती. आफ्रिकेत सापडलेल्या जुन्या हाडांवरून दिसत होते की ते प्राणी दोन पायांवर चालत आणि त्यांची कवटी मात्र वानराएवढी लहान होती. माणूस आधी उभा राहिला. डोके फार मागाहून वाढले. मधल्या काळात मोकळ्या हातांना फारसे कामही नसावे.

नानांनी चूक मान्य केली. त्यांना आनंदच झाला, कारण ती माझी होती. मी नवा मजकूर लिहिला. चुकीएवढ्याच जागेत, बेचाळीस ओळींत:

‘बालमित्रांनो, मामा चुकला. तुमच्या गावाची पायवाट कोणी आखली? कोणीच नाही. एक माणूस सोयीच्या जागेवरून गेला, दुसरा त्याच्या मागून, आणि शंभर वर्षांत वाट झाली. माणूस उभा राहिला तो असाच. रान विरळ झाले तेव्हा कोणी जरा ताठ चाले, कोणी कमी. ताठ चालणाऱ्याला उंच गवतावरून पलीकडचे जनावर दिसे. दूर सापडलेले फळ हातातून पोरांपर्यंत आणता येई. त्याची पोरे जरा जास्त जगत, आणि ती आईबापांसारखीच ताठ चालत. अशा हजारो पिढ्या गेल्या. ठरवले कोणीच नव्हते. नेमके कोणते कारण मोठे, हे विद्वानांना अजून ठाऊक नाही. मामालाही नाही.

‘उभे राहण्याची किंमत पडली. आपली पाठ दुखते, गुडघे झिजतात, बाळंतपण जड जाते. म्हशीला यातले काही नाही, आणि ती उतारावर पडतही नाही. ठकूचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे. पण हात मोकळे राहिले, आणि फार फार काळानंतर डोके वाढले. मोकळ्या हातांनी काय करायचे हे कोठेही लिहून ठेवलेले नाही. ओझे वाहतो तोच माणूस, असे मामाने लिहिले. ते खरे नाही. ओझे बैलही वाहतो.’

शेवटची ओळ जुळवताना इस्माईलभाई म्हणाले, “हे चांगलं आहे. या खेपेला कमी पडलं नाही.” त्यांनी ओल्या कागदावर शाई दाबून मुद्रित काढून दिले. मी ते तपासले. चूक नव्हती. त्याच दिवशी गुरुजींना कार्ड टाकले: ‘पुढच्या अंकी खुलासा येत आहे. गोषवारा, माणूस आधी उभा राहिला, डोके मागाहून वाढले. धाकूस वाचून दाखवावा.’

बुधवारी दुपारी कौलांच्या वखारीची जाहिरात आली. सोबत ठसा, म्हणजे छापायचे चित्र. दुमजली घर, त्यावर मंगलोरी कौले, दारात नारळ. पहिल्या पानावर नानांचा अग्रलेख, दुसऱ्यावर कोर्टाच्या नोटिसा, चौथ्यावर बाजारभाव आणि सत्कार. तिसऱ्या पानावर बेचाळीस ओळींची जागा होती आणि जाहिरात चाळीस ओळींची. नानांनी खुलासा पानावरून काढायला सांगितला. मी हरकत घेतली.

“खुलासा पळून जात नाही,” नाना म्हणाले. “जाहिरात जाते.”

उरलेल्या दोन ओळींत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, ‘या सदरातील मागील एका लेखात काही दोष राहून गेले आहेत. सुज्ञ वाचकांनी ते दुरुस्त करून घ्यावेत.’

पुढचा अंक सत्यनारायणाच्या वृत्तांताने भरला. त्याच्या पुढचा कशाने भरला ते आठवत नाही. इस्माईलभाईंनी जुळवलेला खुलासा दोरीने बांधून फळीवर ठेवला होता. तिसऱ्या आठवड्यात ‘म’ कमी पडले तेव्हा त्यांनी मला विचारूनच तो सोडला. खिळे खणांत परत गेले. माझ्याकडे मुद्रिताचा कागद राहिला.

तो खिशात घालून मी एका शनिवारी एसटीने पोलादपूरला गेलो आणि तिथून चालत निघालो. धाकूला स्वतः वाचून दाखवायचा, असा बेत होता. पायथ्याच्या गावात गुरुजींचे दार बंद होते. शनिवारीही पूर्ण वेळ शाळा भरवत होते. परीक्षेचे वर्ष. मी न थांबता वर लागलो. दोन पायांवर बेचाळीस ओळी लिहिणाऱ्याने ती चढण एकदा चढावी. वरून बायका भारे घेऊन उतरत होत्या, मान सरळ, पाठ सरळ, हात सैल सोडलेले. एका घसरड्या टप्प्यावर मी दोन्ही हात टेकले आणि जनावरासारखा चढलो. एक बाई बाजूला होऊन थांबली आणि म्हणाली, “सावकाश या. घाई असली की चार पाय फुटत्यात.”

धाकू गोठ्यापुढे दावी वळत बसला होता. शेजारी त्याची बायको दुधाचा फेस काढत होती. मी ओळख सांगितली.

“म्हंजे मामा तुम्हीच?” तो उठला. “बसा. पोरीचं इचारायला आलात? ती शाळेत हाय.”

“शाळेत?”

“दोन आठवडं झालं. तुम्हीच लिवलंत, आन् तुम्हीच इचारता?”

“काय लिहिलं मी?”

त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. “आपलं लिवलेलं ध्यानात नाय ऱ्हात?”

“दर आठवड्याला लिहावं लागतं.”

“व्हय. त्येबी हाय.” तो आत गेला आणि छपरात खोचलेला अंक घेऊन आला. नीट घडी घातलेला, तिसरे पान वर. “गुरुजींनी धाडला. पोरीनं वाचला. मला वाचता येत नाय, पन जागा पक्की ध्यानात हाय. हितनं हितवर.”

त्याचा अंगठा कौलांच्या जाहिरातीवरून वरून खाली फिरला.

“काय वाचलं तिनं?” मी विचारले.

“माणूस आधी उभा राह्यला. तवा त्याचं डोकं बारकं व्हतं, माकडावानी. मंग मागनं वाढलं.” इथपर्यंत माझ्या कार्डातला गोषवारा होता. “आता ते वाढतं कसं, तर सगळ्या टायमाला नाय वाढत. अकरा ते पाच वाढतं. तेवढ्या टायमात पोरांच्या डोक्यावर भार ठेवला तर ते खुंटतं. अकराच्या आधी आन् पाचच्या फुडं काय पन ठेवा, चालतं.”

“अकरा ते पाच.”

“तसं छापलंय ना. आयतवारी वाढत नाय. आयतवारी दिसभर भारा चालतो.” त्याने अंगठा घराच्या चित्रावर ठेवला. “आन् ह्यो फोटू. ज्याचं डोकं वाढलं, त्याचं घर असलं. आपलं बघा गवताचं.”

मी त्याच्या घराकडे पाहिले. मग जाहिरातीकडे. खिशातला कागद मला बरगडीला लागत होता. त्यात डोक्याच्या वाढीची वेळ नव्हती. त्यात लाखो वर्षे होती. तो वाचून दाखवला असता तर धाकूला कळले असते की एका मुलीचे डोके अकरा ते पाच वाढत नाही, आणि मुलीने बापासमोर कौलांची जाहिरात विज्ञान म्हणून वाचली.

“बरोबर हाय ना, मामा?” धाकूने विचारले.

तोवर मी शुद्धलेखनाची एक वेलांटी सुटू दिली नव्हती.

“छापलंय ते छापलंय,” मी म्हणालो.

धाकूची बायको दुधावरून नजर न उचलता म्हणाली, “बरोबरच असंल. एरवी वाचताना पोरगी धा ठिकाणी अडखळती. ह्या खेपेला कुठंच अडखळली नाय.”

तिने मला दूध दिले. धाकूने गावाकडच्या बातम्या विचारल्या आणि पेपरात म्हशींविषयी कधी येत नाही अशी तक्रार केली. ती रास्त होती.

उतरताना वाटेत ठकी भेटली. पाच वाजून गेले होते, हे सांगायची गरज नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वाटेत गोळा केलेल्या लाकडांची मोळी. हात मोकळे, आणि त्या हातांत उघडे पुस्तक. ती वाचत चढत होती. मान हलत नव्हती, डोळे तेवढे फिरत होते. अंगावर येईपर्यंत तिने मला पाहिले नाही.

“तू ठकू?”

“व्हय.”

“मी मामा.”

तिने पुस्तक मिटले. मोळी तशीच. आधी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग मी आलो त्या वाटेकडे.

“आमच्या बाला भेटलात?”

“भेटलो.”

“काय सांगितलंत?”

“काही नाही.”

तिने श्वास सोडला. मी खिशातून मुद्रित काढले. म्हणालो, हा खरा खुलासा, तुझ्या प्रश्नाचा, जागेअभावी राहिला. तिने घेतला. तिथेच उभी राहून, मोळीखाली, ओठ हलवत सबंध वाचला. म्हशीपाशी एकदा हसली. शेवटी आल्यावर पुन्हा वरून सुरुवात केली, काहीतरी शोधत असल्यासारखी.

“मामा, ह्यात टाइम नाय.”

“नाही.”

“आन् आयतवार पन नाय.”

“नाही. पण आहे ते खरं आहे.”

“व्हय, खरं दिसतंय,” ती म्हणाली. “मंग छापू नका.”

तिने कागदाची बारीक घडी केली, एका हाताने मोळी किंचित उचलली, घडी चुंबळीच्या वेटोळ्यात सारली आणि मोळी पुन्हा बसवली. पुस्तक उघडले आणि वर चालू लागली.

सोमवारी नानांनी स्वतःहून विचारले. या आठवड्यात जागा आहे, तो तुझा खुलासा घालायचा का? मी म्हणालो, मुद्रित हरवले. इस्माईलभाईंनी खणांवरून माझ्याकडे पाहिले आणि पाय बदलला. ती जागा आम्ही म्हशींच्या निगेवर भरली.

एप्रिलात ठकी चौथी पास झाली. गुरुजींचे कार्ड आले, त्यात तेवढेच होते, आणि खाली नेहमीप्रमाणे अंक वेळेवर मिळत नसल्याची तक्रार. ती पोलादपूरला मावशीकडे पाचवीला गेली. पुढची माहिती माझ्याकडे नाही, आणि नसलेली माहिती छापण्याची सवय मी तेव्हापासून सोडली आहे.

माझ्या नावावर चुका पुष्कळ आहेत. त्यातल्या बहुतेकांचे खुलासे लहान टाइपात का होईना, आले. हा एक राहिला होता. मजकूर वर दिला आहे, जितका आठवला तितका; मूळ कागद माझ्याजवळ नाही. इतक्या वर्षांनी छापताना कोणाचे नुकसान होईल असे वाटत नाही. तिचे डोके एव्हाना पुरेसे वाढले असावे.